पूर आला तेव्हा रेंज कुणी विचारली?

मागच्या महिन्यात एका ज्युनिअरने त्याच्या सिनॉप्सिसचा कच्चा मसुदा वाचायला पाठवला. विषय होता, 'आपत्कालीन स्थलांतरात इलेक्ट्रिक वाहनांची व्यवहार्यता : नागपूर शहराच्या संदर्भात'. पहिल्या पानावर बॅटरीची रेंज, दुसऱ्यावर चार्जिंग स्टेशन, तिसऱ्यावर वीजग्रिडवरचा ताण. मांडणी नीटनेटकी, भाषाही स्वच्छ. सगळ्या मसुद्यात मिळून एकच पेपर सात-आठ वेळा उद्धृत केलेला.

मी त्याला फोन करून विचारलं, "२३ सप्टेंबर २०२३ ला तू कुठे होतास?"

तो म्हणाला, "गावी होतो ताई. महालक्ष्म्या होत्या ना घरी."

मी नागपुरात होते. म्हणून तो मसुदा वाचताना मला जे खटकलं, ते त्याला खटकलं नाही. आजची पोस्ट त्याबद्दल आहे. तुम्ही पेट किंवा नेट देऊन विषय शोधत असाल, तर ही चूक तुमच्याही हातून होऊ शकते. माझ्या हातून झालेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पेपर नीट वाचू

पेपर फेंग आणि सहकाऱ्यांचा आहे. २०२० मध्ये 'ट्रान्सपोर्टेशन रिसर्च पार्ट डी' या जर्नलमध्ये आला. शीर्षकातच प्रश्न आहे : इलेक्ट्रिक वाहनं घेऊन चक्रीवादळापासून दूर जाता येईल का? अभ्यासासाठी त्यांनी घेतलं फ्लोरिडा राज्य आणि सप्टेंबर २०१७ चं 'इर्मा' वादळ. त्या वेळी फ्लोरिडात ६० लाखांहून जास्त लोकांना घर सोडायला सांगितलं गेलं होतं. अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या स्थलांतरांपैकी ते एक.

लेखकांचा युक्तिवाद असा. या गाड्यांपैकी बहुसंख्य गाड्या इलेक्ट्रिक असत्या, तर सगळ्यांना थोड्याच वेळात, साधारण त्याच रस्त्यांवर चार्जिंग लागलं असतं. फ्लोरिडात वीज पुरवणाऱ्या ९ मुख्य यंत्रणांपैकी ६ यंत्रणांना त्याचा फटका बसला असता, विशेषतः राज्याच्या मधल्या भागात. आणि एक यंत्रणा कोसळली की तिचा भार दुसरीवर, मग तिसरीवर, अशी साखळी लागून सगळ्या राज्याची वीज जाऊ शकली असती.

हा पेपर मला आवडतो, हे आधीच सांगून टाकते. त्यातला महत्त्वाचा मुद्दा एकूण विजेचा नाही, एकाच वेळी लागणाऱ्या विजेचा आहे. वर्षभराची बेरीज केली तर वीज पुरते, पण सगळे एकदम रांगेत आले की पुरत नाही. हे समजायला फ्लोरिडाला जायला नको. नागपुरात मे २०१७ मध्ये ई-टॅक्सीचा मोठा प्रयोग सुरू झाला, साधारण २०० वाहनांचा. वर्षभरात बातम्या आल्या की चार्जिंगच्या रांगांना चालक कंटाळले आहेत. शहरात वीज कमी नव्हती. एका वेळी, एका जागी मिळणारं चार्जिंग कमी होतं.

म्हणजे पेपरची पद्धत पक्की आहे. मग अडचण कुठे आली? ज्युनिअरने पद्धतीच्या जोडीने पेपरमधली परिस्थितीही नागपुरात आणली आणि ते त्याच्या लक्षातच आलं नाही.

पेपरला जे सांगावं लागलं नाही

प्रत्येक पेपरमध्ये काही गोष्टी लिहिलेल्या असतात. काही गोष्टी लिहायची गरजच पडत नाही, कारण त्या जागी त्या सगळ्यांना माहीत असतात. फ्लोरिडाच्या बाबतीत अशा चार गोष्टी मला दिसतात.

एक, इशारा काही दिवस आधी मिळतो. वादळ समुद्रातून येतं, उपग्रहावर दिसतं, लोकांना सामान बांधायला वेळ मिळतो.

दोन, बहुतेक घरांत गाडी आहे आणि घर सोडायचं म्हणजे स्वतःच्या गाडीने सोडायचं.

तीन, जायचं अंतर शेकडो किलोमीटर असू शकतं. फ्लोरिडा लांबट द्वीपकल्प आहे, बाहेर पडायला उत्तरेकडे जाणारे मोजके महामार्ग.

चार, निघताना रस्ता कोरडा आहे आणि घरात वीज आहे.

रेंजचा प्रश्न या चार गोष्टींवर उभा आहे. त्या असतील तर तो फार चांगला प्रश्न आहे. आता त्या नागपुरात आहेत का ते बघू.

२३ सप्टेंबरची पहाट

२२ तारखेला महालक्ष्म्यांचं पूजन झालं होतं. त्या रात्री दोनच्या सुमारास पाऊस सुरू झाला आणि साधारण चार तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पडला. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी काठ सोडून वस्तीत शिरली. अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर, पुढे सीताबर्डीपर्यंत पाणी. मोर भवन बसस्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. एनडीआरएफ, एसडीआरएफ आणि लष्कराच्या तुकड्यांनी शेकडो लोकांना बाहेर काढलं, बहुतेकांना बोटीतून. मूकबधिर विद्यालयातली मुलं होती, एलएडी कॉलेजच्या मुली होत्या. हजारो घरांत चिखल झाला आणि माणसं गेली. गेलेल्यांमध्ये घरातच अडकलेल्या, अंथरुणावरून हलता न येणाऱ्या आजारी बाई होत्या.

मी तेव्हा नदीपासून थोड्याच अंतरावर, पहिल्या मजल्यावर भाड्याने राहत होते. जाग आली ती पंखा बंद पडल्यामुळे. खाली बघितलं तर पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी आणि त्यात माझी ई-स्कूटर. घरमालक काका, काकू आणि काकांची आई तळमजल्यावर. आजींना चालता येत नव्हतं. काका आणि समोरच्या घरातल्या मुलाने त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचललं आणि जिन्याने माझ्या खोलीत आणलं. काकू महालक्ष्म्यांचे मुखवटे पदरात धरून मागून आल्या. तेवढंच आमचं स्थलांतर, १९ पायऱ्यांचं.

नंतर मी खाली जाऊन स्कूटर सुरू होते का बघायला लागले. काका वरून ओरडले, "काहून चालू करून राहिली बेटा, राहू दे ना तिला!" मी बॅटरीवर काम करणारी मुलगी, आणि भिजलेली बॅटरी सुरू करू नये हे मला काकांनी सांगितलं.

आता त्या चार गोष्टी पुन्हा बघा. इशारा मिळाला नाही, लोक झोपेत होते. गाडी असून उपयोग नव्हता. अंतर एका मजल्याचं, फार तर पुढच्या चौकातल्या शाळेपर्यंतचं. रस्त्यावर पाणी होतं, वीज गेली होती. चारही गोष्टी उलट्या. मग नागपूरवरच्या सिनॉप्सिसमध्ये रेंजला अख्खं पान का?

नागपूरला अपवाद समजू नका. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात लाखो लोकांना हलवावं लागलं, आणि तिथे पाण्यात अडकलेल्यांचा आधार होता बोट. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला, तेव्हा भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावांतही बोटच. मे २०१९ च्या 'फनी' वादळाच्या वेळी ओडिशाने सुमारे १२ लाख लोक हलवले. तिथे इशारा होता, तयारी होती. पण लोक गेले ते गावाजवळच्या निवाऱ्यांत, सरकारी बसने किंवा पायी. स्वतःची गाडी काढून शेकडो किलोमीटर जाणारा माणूस आपल्याकडच्या आपत्तीत सरासरी माणूस नाही.

थोडा हिशेब, म्हणजे वाद मिटेल

गाइड विचारतील, "हे सगळं ठीक आहे, पण आकडा कुठे आहे?" बरोबर आहे त्यांचं. दोन साधे हिशेब करू.

पहिला रेंजचा. साधारण ई-स्कूटरची बॅटरी ३ किलोवॅट-तास धरा आणि ती १०० किलोमीटर जाते असं धरा. म्हणजे किलोमीटरला ३० वॅट-तास. निवारा ३ किलोमीटरवर असेल तर ९० वॅट-तास लागतील. ७५ वॅटचा छताचा पंखा सव्वा तास चालायला जेवढी वीज लागते, तेवढी. बॅटरी ५ टक्के उरली असेल तरी तुम्ही पोचता. आपल्या अंतरांसाठी रेंज हा अडथळाच नाही.

दुसरा पाण्याचा. 'ई-गाडी पाण्यात जाते की पेट्रोलची जाते' हा वाद घराघरांत चालतो. छोट्या कारचा तळ साधारण ३.६ मीटर लांब आणि १.५ मीटर रुंद धरा, म्हणजे ५.४ चौरस मीटर. पाणी तळाच्या वर १० सेंटीमीटर चढलं की ०.५४ घनमीटर पाणी बाजूला सरतं. आर्किमिडीजच्या नियमाने गाडी ५४० किलोने 'हलकी' होते. ९०० किलोची गाडी तळाच्या वर सुमारे १७ सेंटीमीटर पाण्यात तरंगायला लागेल. तळ जमिनीपासून १७ सेंटीमीटरवर असेल, तर रस्त्यावर पाणी हवं फक्त ३४ सेंटीमीटर. गुडघ्याच्याही खाली! चाकांची पकड तर त्याच्या आधीच सुटते. (गाडीत पाणी शिरत नाही असं इथे धरलंय. ते शिरायला थोडा वेळ लागतो, आणि वाहून जायला तेवढा वेळ पुरतो.)

आता त्याच आकाराच्या गाडीत बॅटरीमुळे ३०० किलो वाढवा. तरंगण्याची पातळी किती वाढली? साडेपाच सेंटीमीटर. अंबाझरीहून सुटलेल्या लोंढ्यापुढे ई-गाडी आणि पेट्रोलची गाडी यांच्यातला फरक चार बोटांचा आहे. दोन्हींसाठी सल्ला एकच : वाहत्या पाण्यात गाडी घालू नका.

ई-वाहनांची पाठराखण करणारेही इथे घसरतात. 'आमच्या बॅटरीला आयपी-६७ आहे' असं ते सांगतात. या रेटिंगचा अर्थ : १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं ठेवून पास. चाचणी स्वच्छ, स्थिर पाण्यात होते. नाग नदीच्या पाण्यात गाळ, सांडपाणी आणि प्लास्टिक असतं, आणि पार्किंगमधलं पाणी अर्ध्या तासात ओसरत नाही. रेटिंग खोटं नाही, पण ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

मग ई-वाहनांचा प्रश्न नाहीच का?

आहे. फक्त तो रेंजच्या पानावर सापडत नाही. मला तीन ठिकाणी दिसतो.

पहिलं ठिकाण पार्किंग. भिजलेली लिथियम-आयन बॅटरी लगेच काही करेलच असं नाही, पण आत ओल राहिली तर काही दिवसांनीही शॉर्ट होऊन पेटू शकते. २०२२ च्या 'इयन' वादळानंतर फ्लोरिडात खाऱ्या पाण्यात बुडालेल्या काही गाड्या अशाच पेटल्या. गोड्या पाण्यात धोका कमी असतो, शून्य नसतो. तिकडचा अधिकृत सल्ला आहे की अशी गाडी घरापासून १५ मीटर तरी लांब ठेवा. महालच्या गल्लीत १५ मीटर म्हणजे शेजाऱ्याच्या शेजाऱ्याचं स्वयंपाकघर! हा सल्ला मोकळ्या अंगणाचं घर समोर ठेवून लिहिलाय. आपल्याकडे स्कूटर जिन्याखाली असते, चार्जिंगचा सॉकेटही तिथेच, आणि पूर आला की वर जायची वाट त्याच जिन्याने. १९ पायऱ्यांचं स्थलांतर ज्या जिन्यावरून झालं, त्याच्या खाली माझी बॅटरी होती. यावर संशोधन हवं, आणि ते नागपुरात बसून करता येईल.

दुसरं ठिकाण डेपो. ज्यांच्याकडे गाडी नाही, त्यांना हलवायचं काम बस आणि रुग्णवाहिकेचं. 'आपली बस'च्या ताफ्यात आता इलेक्ट्रिक बसही आहेत. डेपो सखल भागात असेल आणि चार्जर जमिनीलगत असतील, तर ज्या दिवशी बस सगळ्यात जास्त लागेल त्याच दिवशी ती चार्ज होणार नाही. डिझेलच्या बसला बाहेरून टँकर आणून देता येतो. बसला वीज कशी आणून द्यायची? चार्जर किती उंचीवर, पर्यायी फीडर कुठून, पावसाळी रात्री किती बस पूर्ण चार्ज करून उंच जागी उभ्या ठेवायच्या, हे प्रश्न महानगरपालिकेला उद्या विचारता येतील.

तिसरं ठिकाण आपत्तीनंतरचे दिवस. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. त्यानंतर कितीतरी गावं दिवसचे दिवस अंधारात होती. तिथे स्थलांतरासाठी चार्जिंग मिळेल का, हा प्रश्न नव्हता. दहा दिवस वीज नसताना आशाताई, डॉक्टर, दूधवाला कसे फिरणार, हा होता. इथे पेट्रोलचं पारडं जड आहे, कारण पेट्रोल कॅनमधून आणता येतं. पण पंपालाही वीज लागते, आणि इर्माच्या वेळी फ्लोरिडात कितीतरी पंप कोरडे पडले होते, हेही लिहा. एका बाजूचा दोष मोजायचा आणि दुसरीचा गृहीत धरायचा, हे संशोधनात चालत नाही.

याच चुकीचं एक उदाहरण. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात महामार्गावर बर्फामुळे गाड्या जवळपास दिवसभर अडकल्या. लगेच चर्चा सुरू झाली की ई-गाड्या असत्या तर लोक गारठून मेले असते. हिशेब काय सांगतो? उभ्या ई-गाडीत हीटर किंवा एसी चालवायला साधारण १ ते २ किलोवॅट लागतात. ३० किलोवॅट-तासांची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १५ ते ३० तास चालेल. अर्धी असेल तर त्याच्या निम्मं. पेट्रोलची गाडीही उभ्या उभ्या इंधन जाळतेच. निर्णय 'टाकी किती भरलेली होती' यावर होतो, आणि ते दोन्हींना लागू आहे.

तुमच्यासाठी यातून काय

फेंग यांच्या पेपरवर माझा आक्षेप नाही. त्यांनी फ्लोरिडाचा प्रश्न फ्लोरिडाच्या अटींवर सोडवला. आक्षेप आपल्या सवयीवर आहे. आपण परदेशी पेपर घेतो, 'फ्लोरिडा'च्या जागी 'नागपूर' लिहितो आणि त्याला रिसर्च गॅप म्हणतो. 'भारतात असा अभ्यास झालेला नाही' हे वाक्य प्रत्येक सिनॉप्सिसमध्ये असतं. कधी कधी अभ्यास झालेला नसतो, कारण तो प्रश्न इथे पडतच नाही.

माझ्या एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये मी हेच केलं होतं. बॅटरीचं आयुष्य २५ अंश तापमानावर मोजलं, कारण सगळे पेपर २५ अंशावर होते. व्हायव्हामध्ये बाहेरून आलेल्या सरांनी खिडकीबाहेर बोट दाखवून विचारलं, "आज बाहेर किती आहे?" मे महिना होता. ४५ होतं. मला उत्तर देता आलं नाही.

तेव्हापासून पेपर वाचताना मी वहीचं पान उभं दुमडते. डावीकडे पेपरमधलं वाक्य, उजवीकडे ते खरं ठरायला काय असावं लागतं ते. 'गाड्या मार्गात चार्ज होतील' याच्यासमोर : घरात गाडी आहे, रस्ता कोरडा आहे, वीज आहे. मग उजवीकडच्या प्रत्येक ओळीपुढे माझ्या गावासाठी हो किंवा नाही. सगळे 'हो' आले तर पेपर जसाच्या तसा उचला, हरकत नाही. 'नाही' जिथे येतील, तिथेच तुमचा विषय लपलेला असतो.

आणि एक काम इंटरनेटवर होत नाही. ज्यांच्या घरात पाणी आलं होतं, त्यांच्याकडे जा आणि विचारा, "त्या रात्री तुम्ही सगळ्यात आधी काय हलवलं?" मी नंतर आमच्या गल्लीत विचारत फिरले. गाडी असं एकानेही सांगितलं नाही. म्हातारी माणसं, मुलं, गॅस सिलिंडर, कागदपत्रांची पिशवी. काकूंच्या घरी महालक्ष्म्या.

ज्युनिअरला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तो थोडा नाराज झाला, साहजिक आहे. तीन महिन्यांचं काम होतं. पण गेल्या आठवड्यात त्याचा नवा मसुदा आला. आता विषय आहे, नाग नदीच्या पूररेषेतल्या इमारतींमध्ये ई-दुचाकी आणि त्यांचे चार्जिंग पॉइंट किती उंचीवर, कुठे आहेत आणि बाहेर पडायच्या वाटेपासून किती अंतरावर आहेत. मोजपट्टी घेऊन घराघरांत जावं लागेल. फेंग यांचा पेपर त्यात अजूनही आहे, पण एकदाच, 'एकाच वेळी येणारा भार' या मुद्द्यापुरता.

त्याने मला विचारलं, "ताई, पहिलं घर तुमचंच मोजू का?" मी काकांचा नंबर दिला. स्कूटर आता जिन्याखाली नसते, पण सॉकेट अजून तिथेच आहे.